पॉपकॉर्नचं मशीन सध्या कुणाकडे आहे?

गुरुवारची सकाळ होती. दूध ओट्यावर निवत होतं, नानांचा अर्धा चहा वर्तमानपत्रामागे गार होत होता, आणि ताई एका हातानं केसांना चाप लावत दुसऱ्या हातानं डब्याचं झाकण दाबत होत्या. झाकण काही बसेना. साडेआठची घाई सगळ्याच घरांत असते, पण या घरात बापलेक दोघंच, त्यामुळे घाईतही बोलायला सवड सापडायची.

"डब्यात काय आहे?" नानांनी पेपराआडून विचारलं.

"कालचीच भाजी."

"मला की तुला?"

"दोघांना."

"मग ठीक. एकट्यालाच शिक्षा नको."

तेवढ्यात दारावर टकटक झाली. बेल चालू असताना जो दार वाजवतो त्याला काहीतरी मागायचं असतं, असा नानांचा जुना सिद्धांत होता. त्यांनी पेपर खाली केला, कोपऱ्यातल्या टेबलावर निळ्या चादरीखाली झाकलेल्या चौकोनी वस्तूकडे पाहिलं आणि पेपर पुन्हा वर केला.

"चालली," ते म्हणाले. "तुझी लेक चालली सासरी."

दारात चौथ्या मजल्यावरच्या वहिनी होत्या. हात ओलेच होते.

"ताई, निघालात का? मी म्हणतच होते, ताई निघायच्या आत गाठायला हवं. बसत नाही हं मी, दोनच मिनिटं." असं म्हणत त्या खुर्चीवर बसल्या. "ह्यांच्या ऑफिसातले एक साहेब बदलून चाललेत. दहा-बारा माणसं आज संध्याकाळी आमच्याकडेच येतायत निरोपाला. मी विचारलं खायला काय करू, तर हे म्हणाले, लायब्ररीताईंचं पॉपकॉर्नचं मशीन आण. माणसं त्याच्याभोवती उभी राहतील आणि मला भाषण करावं लागणार नाही."

पेपराआडून नाना खोकले. तो खोकला नव्हता.

"अहो, मला शनिवारी..." ताईंनी सुरुवात केली.

"शनिवार परवा आहे, ताई. उद्या संध्याकाळी मशीन तुमच्या दारात. आणि या वेळी अगदी चकाचक. मागच्या वेळी तसंच तेलकट आणून ठेवलं होतं आमच्या माणसानं. मला नंतर इतकं लाजल्यासारखं झालं."

ताईंच्या मनात वाक्य तयार होतं. शनिवारी फार महत्त्वाचं काम आहे, वहिनी, या वेळी नाही जमणार. साधं सरळ वाक्य. ते घशापर्यंत आलं, तिथे जरा घुटमळलं, आणि तोंडातून बाहेर पडलं ते असं :

"तेल आहे ना तुमच्याकडे? की देऊ?"

पाच मिनिटांत वहिनी आणि त्यांचा नवरा मशीन दोन बाजूंनी धरून जिना चढू लागले. ताई खालून "काच सांभाळा हं" म्हणत राहिल्या. आत आल्या तेव्हा नानांनी पेपराची नीट घडी घालून ठेवली होती. म्हणजे आता भाषण होणार.

"पुस्तक दोन दिवस उशिरा आलं तर सात वर्षांच्या पोरापुढे भुवया चढवतेस तू. आणि हे एवढं काचेचं कपाट घराबाहेर जातं, त्याला ना शिक्का ना तारीख."

"शेजारी आहेत, नाना."

"शेजारीच आहेत. जिनाच तेवढा न्यायचा राहिलाय."

ताईंनी डबा पिशवीत टाकला. झाकण वाटेत उघडणार, हे त्यांना दिसत होतं.

त्यांना इमारतीत, गल्लीत, वाण्याकडे सगळे लायब्ररीताईच म्हणत. सव्वीस वर्षं त्या सार्वजनिक वाचनालयाचा बालविभाग सांभाळत होत्या. बालविभाग म्हणजे मागच्या अंगाची एक खोली. गुडघ्याएवढी बुटकी बाकं, त्याच मापाची कपाटं, गल्लीकडे उघडणाऱ्या दोन खिडक्या, आणि चित्रपट दाखवता यावा म्हणून पांढरी ठेवलेली एक भिंत. त्या खोलीत ताईंचा शब्द म्हणजे शब्द. पान दुमडलेलं दिसलं की त्या ओरडत नसत. दुमडलेला कोपरा नखानं सरळ करत मुलाकडे नुसतं बघत. मुलं त्या बघण्याला घाबरत आणि तरीही त्यांच्याच टेबलाला चिकटून बसत.

वाचनालयाची पायरी उतरली की मात्र या बाईंचा सगळा कणखरपणा आत खुंटीलाच टांगलेला राहायचा. त्याला कारण होतं. आई गेली तेव्हा ताई एकोणीस वर्षांच्या होत्या आणि नानांची नोकरी फिरतीची. चार महिने रोज संध्याकाळी चौथ्या मजल्यावरून एक डबा खाली येत असे. आताच्या वहिनींच्या सासूबाई पाठवायच्या. त्या डब्याबद्दल कुणी कधी ब्र काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, ओझं थोडं उतरलं असतं. आपल्या वाट्याचं घेऊन झालंय, आता फक्त द्यायचं, असं तेव्हापासून ताईंनी धरून ठेवलं. त्यानंतर त्यांनी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. छत्री विसरली तर भिजत घरी येत. नानांच्या ऑपरेशनच्या वेळी आठ दिवस दवाखान्याच्या बाकावर एकट्याच बसल्या, आणि कुणी विचारलं तर "झोप छान लागते इथे" म्हणाल्या.

मशीन आलं ते बालविभागासाठीच. वर्षभरापूर्वी शनिवारच्या वाचन-तासाला सहा-सात मुलं उरली होती. त्यातली दोन जुळी होती आणि आई बाजारात जाताना त्यांना ठेवून जायची, म्हणून यायची. त्याच सुमारास एका शाळेच्या कार्यक्रमात ताईंनी पाहिलं की स्टेजवर नाच चालू आहे आणि अर्धी मुलं स्टेजकडे पाठ करून कोपऱ्यातल्या पॉपकॉर्नच्या पेटीला नाक लावून उभी आहेत. नुसती उभी. दाणे उडताना बघत.

मग ताईंनी दोन महिने मशीन निवडलं. ग्रंथसूचीच्या कोऱ्या पत्त्यांवर, म्हणजे जाड कार्डांवर, पुस्तकांची नोंद करावी तशी प्रत्येक मशीनची नोंद केली. पहिल्या पत्त्यावर लिहिलं : गरम हवेचं. तेल लागत नाही. आवाज मिक्सरसारखा, दाणे बाहेर उडतात, लाह्या कोरड्या. चार माणसांच्या घराला उत्तम. दुसऱ्यावर : गोल तवा, फिरती सळई, घुमटासारखं झाकण. झाकण उलटं केलं की तोच वाडगा. लाह्या चविष्ट. घरच्या पार्टीला चांगलं, पण एकदा वाडगा भरला की मुलांना बघायला काही उरत नाही. तिसरा पत्ता काचेच्या पेटीचा. आत दिव्याखाली टांगलेलं छोटं भांडं, त्यात आपोआप फिरणारी सळई, भांडं कलतं करायला बाहेर दांडी, आणि तळाच्या जाळीतून न फुटलेले दाणे गाळून घेणारा खण.

"मग मोठंच घ्या, मॅडम," दुकानदार म्हणाला. "हे बघा, कार्यालयातल्या समारंभांना हेच जातं. शंभर माणूस बघता बघता उरकतं."

"वीज किती ओढतं?"

दुकानदाराला मशीन वळवून मागची पट्टी वाचावी लागली. ताईंनी आकडा पत्त्यावर लिहून घेतला. वाचनालयाच्या जुन्या तारांना तो झेपणार नव्हता. पंखा आणि प्रोजेक्टर एकदम लावले तरी तिथे दिवे डोळे मिचकावत.

"या प्रकारात सगळ्यांत लहान कोणतं?"

"हे. पण एका घाण्यात अर्धी वाटी दाणेच बसतात. चार-पाच पुडे भरतील. तीस मुलं म्हणजे सात घाणे. अर्धा-पाऊण तास जाईल. पोरं कंटाळतील."

"कंटाळू देत," ताई म्हणाल्या. "मला तोच अर्धा तास हवाय."

हळू मशीन मागणारं गिऱ्हाईक दुकानदारानं जन्मात पाहिलं नव्हतं. पण ताईंचं गणित साधं होतं. ज्याच्या हातात पुस्तक, त्यालाच रांगेत जागा. उभ्या उभ्या वाचायचं. पहिला घाणा फुटू लागला की मान वर करून बघायचं, थांबला की पुन्हा पानात. पुडा हातात आला की पुस्तक आधी ताईंकडे द्यायचं, तेलकट बोटांनी पान उलटायचं नाही.

वापरायला शिकताना त्यांनी तीन घाणे जाळले. मग कळलं की भांडं आधी चार-पाच मिनिटं तापू द्यायचं, आधी तेल, मग दाणे, आणि मीठ अगदी बारीक, नाहीतर सगळं खाली बसतं. पहिला घाणा वेळ घेतो, पुढचे तापल्या भांड्यात झटपट होतात, म्हणून घड्याळावर विसंबायचं नाही. तडतड विरळ झाली, दोन दाण्यांच्या मध्ये 'एक-दोन' म्हणण्याइतकी जागा मिळू लागली, की दांडी कलती करायची. आणखी दोन दाण्यांचा मोह धरला की सगळा घाणा करपतो. काच कोमट असतानाच पुसायची. आणि भांड्याच्या बुडातच तापायची तार असते, त्यामुळे ते प्लग काढून, गार करून, ओल्या फडक्यानं पुसायचं. पाण्यात कधी घालायचं नाही.

खिडक्या उघड्या ठेवल्या की वास गल्लीभर जायचा. पहिल्या शनिवारी अकरा मुलं आली, मग सतरा, मग पंचवीस. चष्मेवाली एक मुलगी रांगेत सगळ्यात मागे उभी राहायची, पुढे ढकललं तरी जायची नाही; तिचं प्रकरण संपलेलं नसायचं. ताई हे सगळं घरी येऊन नानांना सांगत आणि नाना "लाह्यांवर शिकवलेली पोरं" म्हणून हसत.

अडचण एकच झाली. मशीनची बातमी इमारतीतही पोचली. वाढदिवस, निरोप, मुलाचा निकाल, कुणाच्या ऑफिसचा कसलासा दिवस. आधी लोक विचारून नेत, मग सांगून नेऊ लागले. "ताई, मशीन सध्या कुणाकडे आहे?" एवढाच प्रश्न, आणि ताईंकडे असेल तर ते विचारणाऱ्याचंच झालं. एकदा तर ताईंनाच स्वतःचं मशीन शोधत तीन मजले फिरावं लागलं. त्या आठवड्यात ते वेळेवर परत आलं नाही. ताईंनी पहाटे उठून कुकरमध्ये लाह्या फोडल्या, मोठ्या पिशवीतून नेल्या. चारपर्यंत त्या सादळल्या. गल्लीत वास नाही, काचेआड तडतड नाही. नऊ मुलं आली.

त्यानंतर नानांनी हट्ट धरला, निदान सूचनांचा कागद तरी चिकटव. ताईंनी सुवाच्य अक्षरात सहा मुद्दे लिहिले. नाना शेजारी बसून सातवा सांगत होते.

"लिही, भांडं पाण्यात बुडवलंत तर मेलंच म्हणून समजा."

"असं कसं लिहायचं, नाना? विजेची वस्तू कुणी पाण्यात बुडवतं का? लोकांना वाटेल, ही आपल्याला अडाणी समजते."

"लोकांना वाटू दे."

पण ताईंनी तो मुद्दा गाळला. सहावा तेवढा राहिला : वापरानंतर भांडे स्वच्छ करून ठेवावे, ही नम्र विनंती. कागद मशीनच्या मागच्या पत्र्याला चिकटला आणि पुढचे दोन महिने कुणीही तो वाचला नाही. मशीन पूर्वीसारखंच तेलाचे ओघळ घेऊन परत यायचं, आणि ताई रात्रीच्या भांड्यांनंतर ते पुसत बसायच्या.

याच दोन महिन्यांत वाचनालयाच्या समितीनं मागच्या खोलीवर डोळा ठेवला. परीक्षा देणाऱ्या मोठ्या मुलांसाठी अभ्यासिका करायची; बालविभागाची पुस्तकं खोक्यांत भरून माळ्यावर. चिटणीस वाईट माणूस नव्हते, तेच तर अवघड होतं. वाईट माणसाशी निदान भांडता येतं.

"मी मुलांच्या विरोधात नाही, ताई," ते म्हणाले होते. "रिकाम्या बाकांच्या विरोधात आहे. लागोपाठ तीन शनिवार मला तीस मुलं दाखवा. खोली तुमची. एकदाही कमी पडली, तर मग मला समितीपुढे बोलायला तोंड राहणार नाही."

पहिल्या शनिवारी चौतीस आली, दुसऱ्या शनिवारी एकतीस. तिसरा शनिवार परवा होता.

शुक्रवारी दुपारी चिटणिसांचा फोन आला. "उद्या चारला मी स्वतः येतो. मोजायला नाही हो, सहज बघायला." दोघांनाही ठाऊक होतं की ते मोजायलाच येणार. वाचनालयाचे शिपाईमामा खिडक्यांच्या काचा पुसत होते. ते पाठमोरेच म्हणाले, "ताई, उद्या मशीन आणायला मी रिक्षा घेऊन येऊ का अकराला?"

"नको मामा, मी आणीन."

"तुम्ही नेहमी आणताच. पण उद्याची गोष्ट वेगळी आहे."

"आणीन मी," ताई म्हणाल्या.

संध्याकाळी त्या घरी आल्या तर मशीन दारात ठेवलेलं होतं. दिल्या शब्दाप्रमाणे, सांगितल्या वेळेला. आणि खरंच, असं ते दुकानातून आलं तेव्हाही दिसलं नव्हतं. काच आहे की नाही, हात लावून बघावं लागे. भांड्यात आतून-बाहेरून चेहरा दिसत होता. बुडाशी महिनोन्महिने बसलेला तपकिरी थर नावालाही नव्हता. ताईंना भरून आलं. त्यांनी नानांना हाक मारून दाखवलं.

नानांनी चष्मा लावून भांडं न्याहाळलं. "हं," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून शेजाऱ्यांबद्दल याहून जास्त कौतुक कधी निघालं नव्हतं.

शनिवारी सकाळी आठला, नेण्याआधी एक घाणा करून बघू म्हणून ताईंनी मशीन जोडलं. पेटीतला दिवा लागला. त्यांनी भांड्याचं बटण दाबलं. खट्ट असा आवाज झाला आणि मशीनचा दिवा, पंखा, नानांचा रेडिओ, फ्रिजची घरघर, सगळं एकदम बंद पडलं. करपल्यासारखा एक बारीक वास आला. तो लाह्यांचा नव्हता.

दोन गल्ल्यांपलीकडचे मिस्त्री पाऊण तासानं आले. घरातले दिवे आधी लावून दिले, मग भांडं सोडवून टेबलावर घेतलं. बुडाचा पत्रा काढला. पत्र्याखालून चमचाभर पाणी टेबलक्लॉथवर सांडलं. त्यात साबणाचा फेस होता.

मिस्त्रींनी त्या फेसाला बोट लावून पाहिलं. "फार प्रेमानं धुतलंय कुणीतरी," ते म्हणाले.

"वाळवलं तर?" ताईंनी विचारलं. "उन्हात ठेवते. चारपर्यंत वेळ आहे."

"तार जळाली, ताई. वाळवून काय वाळवणार? नवीन भांडं लागेल."

"कुठे मिळेल?"

"या मापाचं इथे कुणी ठेवत नाही. मागवायचं म्हटलं तर तीन-चार आठवडे." त्यांनी पत्रा परत बसवला, चारही स्क्रू अगदी मनापासून पिळले, जणू नीट बसवण्यानं काही उपयोग होणार होता. "दुसरं एखादं जोडू का? मोठं मिळेल भाड्यानं."

"मोठं वाचनालयाच्या तारांना झेपत नाही."

"मग राहिलं," मिस्त्री म्हणाले. पैसे घेताना त्यांना उगाच कानकोंडं झाल्यासारखं वाटलं, आणि ते जिना उतरून गेले.

सकाळपासून जिभेवर असेल तेवढं सगळं नानांनी गिळलेलं दिसत होतं. त्यांनी रेडिओ लावला आणि आवाज लहान केला, मग बंदच केला.

ताई मशीनच्या मागच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. कागदावर त्यांचंच अक्षर होतं, गोल, टपोरं, पहिलीतल्या मुलालाही वाचता येईल असं. भांडे स्वच्छ करून ठेवावे. खाली दोन बोटं जागा कोरी होती. सातव्या मुद्द्याची.

दार उघडंच होतं. वहिनी आत आल्या त्या बोलतच. मिस्त्री त्यांना जिन्यात भेटले होते.

"ताई, अहो, मी वाचून केलं हो सगळं. आमच्याकडे कुणी वाचत नाही, हे म्हणाले दे तसंच नेऊन. मी म्हटलं, ताईंनी इतकं सुंदर अक्षरात लिहिलंय, एवढी साधी विनंती केलीय, आणि आपण दरवेळी घाण करून देतो. म्हणून तर रात्रभर साबणाच्या पाण्यात भिजत घातलं. बादलीत. सकाळी तासभर घासणीनं घासलं. माझी नखं बघा." त्यांनी खरोखरच हात पुढे केले. नखं तुटली होती. "मला काय माहीत, त्याच्या पोटात वीज असते. भांडं दिसलं, मी धुतलं."

"असू द्या, वहिनी," ताई म्हणाल्या. "चूक माझी आहे. मी लिहायला हवं होतं."

"असू द्या काय असू द्या. ह्यांनी दुकानात फोन लावला आत्ताच. तसलं लहान त्यांच्याकडे नाही. मागवतो म्हणाले, पण तुम्हाला तर आज हवंय. आज काहीतरी आहे ना तुमचं? नाना परवा जिन्यात म्हणत होते, काहीतरी तीस मुलांचं."

"आहे थोडंसं."

"थोडंसं," नाना खुर्चीतून म्हणाले. तेवढंच. पण त्यांचा आवाज चिरकला, आणि वहिनींनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. नानांना टोमणा मारताना त्यांनी हजारदा ऐकलं होतं. टोमणा अर्ध्यात सोडताना कधी ऐकलं नव्हतं.

मग नानांनीच सांगितलं. खोली, समिती, तीन शनिवार, चार वाजता येणारे चिटणीस. दोन मिनिटं लागली असतील. ताई मध्ये एकदा "नाना, कशाला" म्हणाल्या, पण नाना थांबले नाहीत. वहिनी ऐकता ऐकता खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"आणि तुम्ही गुरुवारी मला बोलला नाहीत," त्या म्हणाल्या. "मी मागायला आले, आणि तुम्ही मला तेल हवंय का विचारलंत."

घड्याळात पावणेदहा झाले होते. ताईंच्या मनात आपोआप मोजणी चालू होती, आणि ती दरवेळी तिथेच येऊन अडत होती. चष्मेवाली येईल. जुळी येतील, कारण बाजार शनिवारीच असतो. लायब्ररीसमोरच्या घरातली तिघं भावंडं, वाण्याचा मुलगा, डाव्या हातानं लिहिणारी, आणि तिची मैत्रीण. नऊ. कुकरच्या लाह्यांचा तो शनिवार, तेही नऊच. बाकीची गल्लीतून येतील, खिडकीखाली थांबतील, वास घ्यायला मान वर करतील आणि पुढे निघून जातील. चिटणीस दारात उभे राहून बाकांवरून नजर फिरवतील आणि त्यांनाही वाईट वाटेल. ते वाईट वाटलेलं ताईंना आत्ताच डोळ्यांपुढे दिसत होतं. खोक्यांना चिकटपट्टी लावताना ते मदतही करतील.

"सांगा ना, ताई," वहिनी म्हणाल्या. "मी काय करू? काही लागलं तर सांगा, असं आपण सगळेच म्हणतो. मी तसं नाही म्हणत. खरंच सांगा."

ताईंनी टेबलावरचं भांडं उचललं. आत स्वतःचा चेहरा वाकडा, लांबट दिसत होता. त्यांनी ते पेटीत परत टांगलं, काचेचं दार लावलं. वहिनींची दोन्ही मुलं शनिवारी चारलाच गणिताच्या क्लासला जातात, हे त्यांना माहीत होतं. ती एकदाही वाचनालयात आली नव्हती. नुसत्या दोघांनी तीस होत नाहीत, हेही माहीत होतं. शब्द नेहमीसारखे घशाशी आले आणि नेहमीसारखे तिथे थांबले. नाना त्यांच्याकडे बघत नव्हते; ते मुद्दाम खिडकीबाहेर बघत होते.

"वहिनी," ताई म्हणाल्या, "आज चार वाजता तुमची दोन्ही मुलं वाचनालयात पाठवाल का? मशीन नसेल. पॉपकॉर्न मिळणार नाही."